दगडाची धूळ, कापसाची धूळ आणि फुप्फुसांचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडी क्रशर, फाउंड्री, फरशीकाम, बांधकाम, जिनिंग, साखर कारखाना अशा ठिकाणचे कामगार, त्यांच्या घरची माणसे आणि मुकादम जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न सिलिकोसिसचे आहेत. कापूस, बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) आणि सिमेंटचे पत्रे यांच्याबद्दल शेवटी पाहा.

१. धूळ तर सगळीकडेच असते. मग दगडाच्याच धुळीची एवढी भीती का?

दगड, वाळू, काँक्रीट, विटा यांत स्फटिकरूप सिलिका असते. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाच. तिचा बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत पोचला की तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळतात. हा कण विरघळत नाही. गिळणारी पेशीच मरते, तिच्यातली द्रव्ये सांडून सूज येते, आणि मोकळा झालेला कण पुढची पेशी गिळते. असे वर्षानुवर्षे चालले की त्या जागी जखमेच्या वणासारखी घट्ट गाठ तयार होते. अशा शेकडो गाठींनी फुप्फुस कडक होणे म्हणजे सिलिकोसिस. नुकत्याच फुटलेल्या कणाचा पृष्ठभाग जास्त दाहक असतो, म्हणून कापताना, फोडताना, घासताना उडालेली ताजी धूळ सर्वांत वाईट.

समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत खेळून सिलिकोसिस होत नाही. ते दाणे फुप्फुसात जाण्याइतके बारीक नसतात.

२. आमच्या शेडमध्ये धूळ दिसतच नाही. म्हणजे सुरक्षित आहे ना?

नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, त्यातही ५ च्या खालचे जास्त घातक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जी धूळ दिसते, अंगावर बसते, नाकात काळी होते, ती बरीचशी नाकाघशातच अडकते. न दिसणारी धूळ मात्र यंत्र बंद केल्यावरही हवेत बराच वेळ तरंगत राहते. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद आहे म्हणून तिथेच डबा उघडणारे याच वेळी ती धूळ घेतात.

तपासायची सोपी युक्ती: शेडमधले दिवे घालवा, मशीन चालू ठेवा, एकाने जोरदार टॉर्च मशीनपलीकडून तुमच्या दिशेने धरावा. झोत थेट डोळ्यांत येऊ न देता बाजूने पाहा. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुराचे लोट दिसतील, आणि ते कुठून निघून कोणाच्या तोंडाकडे जातात तेही कळेल. प्रमाण किती ते यातून कळत नाही, पण पाणी किंवा सक्शन कुठे लावायचे ते नक्की कळते.

३. कोणत्या कामांत धोका सर्वांत जास्त?

वाळूच्या झोताने लोखंड साफ करणे (सँडब्लास्टिंग) आणि गारगोटीची पूड करणे ही दोन कामे सगळ्यांत वर. ब्रिटनने सँडब्लास्टिंगसाठी सिलिका वाळू वापरणे १९५० पासून बंद केले. त्याऐवजी स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरता येते.

त्यानंतर फाउंड्री. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या कामगारांचे प्रश्न बहुतेक याच कामाचे असतात. साचा बनवताना वाळू ओलसर असते, त्यामुळे धूळ कमी. खरी धूळ निघते ती साचा फोडताना (नॉकआउट), वाळू चाळताना आणि कास्टिंगला चिकटलेली भाजकी वाळू ग्राइंडरने काढताना, म्हणजे फेटलिंगमध्ये. वितळलेल्या धातूच्या उष्णतेने सिलिकाचा काही भाग क्रिस्टोबलाइट या आणखी दाहक रूपात जातो. त्यामुळे फेटलिंगवाल्याची धूळ मोल्डरच्या धुळीपेक्षा जास्त आणि जात्याच वाईटही असते.

बाकी यादी मोठी आहे: कोरडी बोअर ड्रिलिंग, वालुकाश्माच्या खाणी, ग्रॅनाइटची कटाई, काँक्रीट फोडणे, भिंतीला वायर-पाइपसाठी झिऱ्या (खाचा) मारणे, मंदसौरच्या पाटी-पेन्सिलींचे आणि खंबातच्या अकीकाचे काम. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर स्वतःला ‘धुळीचे कामगार’ समजत नाहीत, पण बंद खोलीत कोरड्या कटरने झिरी मारणारा माणूस खाणीतल्या माणसाइतकीच धूळ घेऊ शकतो.

४. महाराष्ट्रात तर सगळा काळा दगड. त्यात सिलिका कमी असते म्हणे. मग आम्हाला भीती नाही?

अर्धे खरे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मोकळी स्फटिक सिलिका फार कमी असते. म्हणून पुणे-नगर-साताऱ्याच्या खडी क्रशरवरचा धोका राजस्थानच्या वालुकाश्म खाणींएवढा नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक असतात, ते खडीबरोबरच भरडले जातात. दुसरे, सिलिका कमी असली तरी दिवसभर दाट धूळ ओढणाऱ्याला जुना खोकला, दमा वाढणे, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) हे होऊ शकते. तिसरे, सगळा महाराष्ट्र बेसाल्टचा नाही. सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात गारगोटीयुक्त खडक भरपूर आहेत. नेमके हवे असेल तर क्रशरच्या बारीक धुळीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन क्वार्ट्झचे (म्हणजे गारगोटीतल्या स्फटिक सिलिकेचे) टक्के काढून घ्या. कायद्याची मर्यादाही त्याच आकड्यावर ठरते (प्र. १६).

५. ओट्याचा दगड कापतो. कडप्पा, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ यांत फरक पडतो का?

खूप पडतो. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, त्यांत क्वार्ट्झ सहसा कमी. संगमरवरात त्याहून कमी. ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४० टक्के. धोलपुरी आणि तसले वालुकाश्म बहुतांशी क्वार्ट्झच.

सगळ्यांत सावध राहावे ते बाजारात ‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणाऱ्या कृत्रिम पाट्यांपासून. गारगोटीचा चुरा राळेत घट्ट करून त्या बनवतात आणि सिलिका ९० टक्क्यांवर जाते. ऑस्ट्रेलियात या पाट्या कापणाऱ्या तरुण कारागिरांना काही वर्षांतच आजार झाल्याचे दिसले, आणि त्या देशाने १ जुलै २०२४ पासून त्या बनवणे, पुरवणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या सर्रास मिळतात. बसवलेला ओटा घरात वापरायला धोका नाही. धोका आहे तो सिंकची खाच आणि कड कोरड्या ग्राइंडरने कापणाऱ्याला. मोजमाप आधी पक्के करून कटाई वर्कशॉपमध्ये पाण्यावर करून आणावी. ग्राहकाच्या स्वयंपाकघरात कापायची वेळ येऊच देऊ नये.

६. किती वर्षं काम केल्यावर होतो?

धूळ किती यावर सगळे आहे. मध्यम धुळीत १० वर्षे किंवा जास्त काळ काम केल्यावर दिसतो तो दीर्घकालीन प्रकार. दाट धुळीत ५ ते १० वर्षांत वेगाने वाढणारा प्रकार दिसतो. अतिशय दाट धुळीत काही आठवडे ते काही वर्षांत तीव्र प्रकार होतो, त्यात वायुकोश प्रथिनयुक्त द्रवाने भरतात आणि माणूस लवकर दगावतो.

शेवटच्या दोन प्रकारांचे भयंकर उदाहरण शेजारीच घडले. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत हंगामी कामाला जात. काही महिने काम करून आलेले तरुणही गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. तेव्हा ‘मी तर एकच सीझन काम केलं’ हे निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

७. सुरुवातीला काय जाणवतं?

बहुतेकांना काहीच नाही. एक्स-रेवर गाठी दिसतात आणि माणूस मात्र ठणठणीत असतो, असे बरीच वर्षे चालू शकते. मग चढावर, जिन्यावर, सायकलवर दम लागतो. कोरडा खोकला येतो. वजन उतरू लागते. छातीत घट्टपणा, थकवा, नंतर बसल्या जागी धाप. ताप, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर आधी टीबीची शंका घ्यायची. पुढचा प्रश्न वाचा.

८. दोनदा टीबीचा कोर्स झाला, तरी दम कमी होत नाही. असं का?

आलेल्या प्रश्नांत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला हाच आहे. शक्यता तीन.

पहिली: टीबी नव्हताच, सिलिकोसिस होता. दोन्हींचे डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त असतात आणि घाईत पाहिलेला एक्स-रे सारखाच वाटतो. डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले नाही आणि रुग्णाने सांगितले नाही, की थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीची औषधे सुरू होतात. थुंकीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ असताना दुसऱ्यांदा कोर्स सुरू होत असेल तर थांबून विचारा: जंतू कोणत्या तपासणीत सापडले? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) झाली का?

दुसरी: दोन्ही आहेत. सिलिका टीबीच्या जंतूंना मारणाऱ्या पेशीच निकामी करते, म्हणून सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि काम सोडल्यावरही तो आयुष्यभर राहतो. अशा वेळी नेहमीचा सहा महिन्यांचा कोर्स सहसा अपुरा पडतो, डॉक्टर तो किमान आठ महिन्यांपर्यंत नेतात. म्हणून निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी करतानाच धुळीचे काम सांगा.

तिसरी: टीबी खरोखर बरा झाला, पण मागे राहिलेला दम सिलिकोसिसचा आहे. त्यावर टीबीच्या गोळ्यांचा उपयोग नाही.

आणि ज्याला सिलिकोसिस आहे पण टीबी नाही, त्याने प्रतिबंधक उपचाराबद्दल क्षयरोग केंद्रात विचारावे. राष्ट्रीय कार्यक्रमात सिलिकोसिसचे रुग्ण या उपचाराच्या जोखीमगटात धरलेले आहेत.

९. निदान कसं करतात? सीटी स्कॅन लागतोच का?

निदान तीन पायांवर उभे असते: धुळीत काम केल्याची नोंद, छातीच्या एक्स-रेवर किंवा सीटीवर जुळणारे डाग, आणि ते डाग दुसऱ्या कशाने पडले नाहीत याची खात्री. फुप्फुसाचा तुकडा काढायची वेळ क्वचितच येते. चांगल्या प्रतीचा एक्स-रे बहुतेकांना पुरतो, शंका असेल तर एचआरसीटी (बारीक तपशिलाचा सीटी स्कॅन) करतात. श्वसनक्षमता पाहायला स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकायची चाचणी) आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी. स्पायरोमेट्रीत पूर्ण जोर लावून किमान सहा सेकंद फुंकायचे असते. अर्धवट फुंकले तर आकडे खोटे येतात आणि पुढे भरपाईच्या वेळी घोटाळा होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने सीसी-१६ या प्रथिनावर आधारलेली रक्ततपासणीही विकसित केली आहे. ती चाळणी म्हणून उपयोगी, पण तेवढ्यावर निदान ठरत नाही.

दवाखान्यात जाताना एका कागदावर वर्षवार लिहून न्या: कुठे काम केले, कोणते मशीन, कोरडे की पाण्यावर, दिवसाला किती तास, शेड बंद की उघडी. हा एक कागद कधीकधी सीटीपेक्षा जास्त सांगून जातो.

१०. रिपोर्टवर ‘क्यू/क्यू, २/१’ असं लिहिलंय. याचा अर्थ?

ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची एक्स-रे वाचण्याची पद्धत आहे. अक्षरे गोल डागांचा आकार सांगतात: पी म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत, क्यू म्हणजे दीड ते तीन, आर म्हणजे तीन ते दहा. आकडे दाटी सांगतात, ० ते ३. ‘२/१’ म्हणजे वाचणाऱ्याने २ ठरवले, पण १ चाही गंभीरपणे विचार केला. एक सेंटीमीटरपेक्षा मोठा डाग असेल तर ए, बी, सी लिहितात, आणि तसे असणे म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात गेला. दाटी जास्त म्हणून दम जास्तच असेल असे नाही, त्यासाठी स्पायरोमेट्री पाहावी लागते.

११. औषध आहे का? फुप्फुस धुऊन बरं होतं असं ऐकलंय.

झालेला वण पुसणारे औषध नाही. फुप्फुस धुण्याची क्रिया तीव्र प्रकारात, द्रव भरलेला असताना, काही ठिकाणी करतात. जुन्या गाठी तिने जात नाहीत, त्यामुळे त्यासाठी कर्ज काढू नका. उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत: धूळ ताबडतोब बंद, बिडी-सिगारेट बंद, फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) यांच्या लसी, श्वासनलिका आकसत असतील तर इनहेलर, श्वसनाचे व्यायाम, टीबीवर नजर. बसल्या जागी ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली राहत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा लागतो. ‘दम लागला की दोन मिनिटं’ असा घेतलेला ऑक्सिजन हृदयावरचा ताण कमी करत नाही. निवडक रुग्णांत फुप्फुसाचे प्रत्यारोपण होते.

सिलिकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. बिडी सोडायला हे आणखी एक कारण.

१२. मालक रोज गूळ देतो. गुळाने धूळ निघून जाते का?

लखनौच्या एका संशोधन संस्थेत उंदरांवर असा प्रयोग झाला होता आणि तेव्हापासून गुळाला प्रतिष्ठा मिळाली. माणसांत गुळाने सिलिकोसिस टळतो असे सिद्ध झालेले नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. खायला हरकत नाही, मधुमेह्याने जपून. पण मालक गुळावर खर्च करतो आणि पाण्याचा पंप बसवत नाही, तर हिशेब तिथेच चुकतो. केळी, दूध आणि संध्याकाळची दारू यांनाही हेच उत्तर.

१३. काम सोडून पाच वर्षं झाली. आता तरी वाढणार नाही ना?

वाढू शकतो. आत बसलेले कण निघत नाहीत आणि प्र. १ मधले चक्र चालूच राहते. जितकी धूळ कमी घेतलेली, तितका वेग कमी, म्हणून लवकर बाहेर पडण्याला अर्थ आहे. काम सोडल्यावरही दरवर्षी एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करावी. जुन्या फिल्म फेकू नका, नवीन फिल्म त्यांच्याशी ताडूनच वाढ कळते.

१४. तोंडाला रुमाल बांधतो. पुरेसा आहे का? एन-९५ घेतला तर?

रुमाल, पंचा, ओढणी, निळा सर्जिकल मास्क: बारीक कणांना यांतला एकही अडवत नाही. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ लागतो. तो नीट बसला तर आतली धूळ बाहेरच्या एक दशांश धरतात.

आता हिशेब करा. कोरड्या कटाईत हवेत घनमीटरला १ मिलिग्रॅम सिलिका सहज होते. एक दशांश म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आत गेली. अमेरिकेची मर्यादा ०.०५ आहे. म्हणजे उत्तम मास्क लावूनही दुप्पट. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय. आधी पाणी किंवा सक्शन, आणि त्यातून उरलेल्या धुळीसाठी मास्क.

लावताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर घेतले की हनुवटीपाशी फट पडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, एका हाताने चिमटली तर मध्ये टोक येते. मग जोरात श्वास सोडून कडांतून हवा जाते का पाहा. दाढी असेल तर मास्क बसत नाही, एका दिवसाची खुंटेही गळती करतात. श्वास घ्यायला जड वाटू लागला, ओला झाला किंवा पट्टा सैल पडला की बदला. झटकून पुन्हा वापरू नका, झटकताना बाहेरची धूळ आतल्या बाजूला बसते. सँडब्लास्टिंगला असा मास्क चालतच नाही, तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा हूड लागतो.

१५. पाणी मारूनच कापतो, तरी मशीनवर पांढरा थर बसतो. काय चुकतंय?

बहुधा पाणी चुकीच्या जागी पडते आहे. कापून झाल्यावर जमिनीवर पाणी मारणे म्हणजे धूळ उडू देऊन मग तिच्या मागे धावणे. पाणी पात्याच्या आणि दगडाच्या भेटीच्या जागी, पात्याच्या दोन्ही बाजूंना पडले पाहिजे. हातातल्या कटरला मिनिटाला किमान अर्धा लिटर. बाटलीला भोक पाडून थेंब थेंब टाकण्याने भागत नाही. तोटी चुन्याने बुजते, ती रोज सकाळी पाहा.

दुसरी चूक राड्याची. चिखल वाळला की तीच बारीक धूळ पुन्हा उडते. शिफ्ट संपण्याआधी ओला असतानाच काढा. कोरडा झाडू आणि कंप्रेसरची हवा दोन्ही बंद. कपड्यांवर कंप्रेसर मारणारा माणूस दिवसभराची धूळ दोन मिनिटांत तोंडासमोर आणतो. ओले फडके किंवा हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. फिल्टर हेपा नसेल तर मागून बारीक धूळच बाहेर फेकली जाते.

पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय ओली कटाई सुरू करू नका.

१६. कायद्यात धुळीची मर्यादा किती?

जुन्या कारखाने कायद्याच्या (१९४८) दुसऱ्या अनुसूचीत सूत्र आहे: श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीसाठी १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक २), उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर. धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले ३२, म्हणजे सुमारे ०.३१. निव्वळ क्वार्ट्झ असेल तर सुमारे ०.१. म्हणजे आपली मर्यादा अमेरिकेच्या दुप्पट सैल आहे, आणि ‘अहवालात मर्यादेत आहे’ याचा अर्थ ‘आजार होणार नाही’ असा घेऊ नये.

मोजणी कामगाराच्या कॉलरला नमुनायंत्र लावून पूर्ण पाळीभर झाली पाहिजे. शेडच्या कोपऱ्यात तासभर ठेवलेल्या यंत्राचा आकडा फेटलिंगवाल्याच्या नाकाबद्दल काही सांगत नाही.

१७. भरपाई मिळते का? कुठे जायचं?

मिळते. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा), बिसिनोसिस (कापसाच्या धुळीचा), बगॅसोसिस (बगॅसच्या धुळीचा), तसेच सिलिकोसिससह टीबी हे व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) असाल तर दावा ईएसआयकडे, नसाल तर कर्मचारी भरपाई कायद्याखाली आयुक्तांकडे. दोन्हींकडून एकाच वेळी मिळत नाही. भरपाई कायद्यात कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यू झाल्यास ५० टक्के, गुणिले वयानुसारचा गुणक. मुदत साधारण दोन वर्षे. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे कागदपत्रांत जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे भेटतील. अनुसूचीतला आजार कळवणे मालकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही बंधनकारक आहे. कारखान्यांसाठी महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, खाणींसाठी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. राजस्थानने २०१९ मध्ये वेगळे धोरण करून प्रमाणपत्र मिळताच ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख अशी सोय केली. तिथल्या खाणीत काम करून परतलेल्यांनी तिकडेही चौकशी करावी.

१८. वीस वर्षांत सात ठेकेदार झाले. एकाकडेही कार्ड नाही. कोणावर दावा करायचा?

अनेक मालकांकडे काम झाले असेल तर आयुक्त त्यांच्यात जबाबदारी वाटून देऊ शकतात, म्हणून शेवटच्याच ठेकेदाराला धरून बसू नका. अडचण पुराव्याची. पीएफ पासबुकात मालकांची नावे असतात. बँकेत आलेला पगार, गेटपास, सुरक्षा बुटांची पावती, जुने एक्स-रे, कामाच्या जागेचे फोटो, बरोबरच्या दोन कामगारांची शपथपत्रे, सगळे चालते. बांधकाम कामगाराने बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केलेली असेल (मागच्या वर्षात ९० दिवस काम, वय १८ ते ६०), तर तीही नोंद उपयोगी पडते. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला स्वतःच्या आरोग्य नोंदी पाहण्याचा हक्क आहे. नोकरी चालू असतानाच त्यांची प्रत मागून ठेवा.

१९. वडील वारले. दाखल्यावर ‘टीबी’ लिहिलंय, पण ते आयुष्यभर फाउंड्रीत होते. आता काही करता येईल?

येते, पण कागद लागतात. जुने एक्स-रे आणि सीटीच्या सीडी शोधा, टीबीच्या उपचारांची कागदपत्रे काढा, थुंकीत जंतू सापडले होते का ते पाहा. फिल्म व्यावसायिक आरोग्याच्या जाणकाराकडून वाचून घ्या. एक्स-रेवर गाठी स्पष्ट असतील, तर दाखल्यावरचा ‘टीबी’ हा शब्द एकटा दावा पाडत नाही, कारण सिलिकोसिससह टीबीही अनुसूचीत आहे. घरात दुसरा कोणी गंभीर आजारी असेल आणि निदान झालेले नसेल, तर ते आत्ताच करून घ्या. मृत्यूनंतर उरतो तो शवविच्छेदनाचा मार्ग, आणि तेव्हा घरचे त्या मनःस्थितीत नसतात.

२०. जिनिंगमध्ये आहे. सुट्टीनंतर कामावर आलो की छाती भरते, दोन दिवसांनी बरं वाटतं. हाही सिलिकोसिस का?

नाही, हे बिसिनोसिसचे ठसठशीत लक्षण आहे. कापसाच्या कचऱ्यातल्या जंतूंच्या विषाने श्वासनलिका आकसतात. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत त्रास सर्वांत जास्त. पुढे तो रोजचा होतो. जिनिंग, ब्लो रूम (कापूस मोकळा करण्याचे खाते) आणि कार्डिंगमध्ये (कापूस पिंजण्याचे खाते) धोका मोठा, लूमवर (मागावर) कमी.

इथे एक्स-रे बहुधा स्वच्छ असतो, म्हणून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात. सुट्टीनंतरच्या दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर अशी दोनदा स्पायरोमेट्री करा. एक सेकंदात फुंकलेली हवा घटली तर निदान जवळजवळ पक्के. या टप्प्यात खाते बदलले तर त्रास पूर्ण जाऊ शकतो. सिलिकोसिसमध्ये अशी संधी नसते.

२१. साखर कारखान्यात बगॅस यार्डवर काम केलं की संध्याकाळी ताप येतो. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह.

साठवलेल्या, बुरशी आलेल्या बगॅसची धूळ घेतल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, धाप, आणि कामावर न गेल्यास दोन-तीन दिवसांत आराम: हा बगॅसोसिस असू शकतो. ताज्या ओल्या बगॅसने सहसा होत नाही, जुना गंज फोडताना होतो. वारंवार झाल्यास फुप्फुसाला कायमचे वण पडतात. गंज फोडण्याआधी भिजवावा, काम लोडरच्या बंद केबिनमधून करावे, आणि ज्याला एकदा झाले त्याला पुन्हा त्या यार्डवर पाठवू नये.

२२. घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ॲस्बेस्टॉसचा धोका आहे का?

धडधाकट पत्र्याखाली राहण्याने धोका फारसा नाही. कापणे, भोके पाडणे, फोडणे, कोरड्या ब्रशने घासणे यात तंतू सुटतात. आजार २० ते ४० वर्षांनी दिसतो. पत्रे काढायचे तर आधी भिजवा, बोल्ट कापून अख्खे उतरवा, तुकडे करू नका, एफएफपी-३ मास्क लावा. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नका. कपड्यांवरच्या तंतूंनी घरच्या बायकांना आजार झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. हाच नियम दगडाच्या धुळीलाही लावा.

२३. गावाशेजारी क्रशर आहे, आम्ही कामगार नाही. तक्रार कुठे?

सिलिकोसिस प्रामुख्याने कामगारांचा आजार आहे, पण लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना धुळीचा त्रास खराच होतो. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी अशी क्रशरसाठी मर्यादा आहे. पट्टे आणि चाळण्या झाकलेल्या, भोवती वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे, आतले रस्ते पक्के, हेही लागते. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या, तारीख-वेळेसह व्हिडिओ जोडा आणि पोच घ्या. फवारे बंद असल्याचे चित्रण उपयोगी ठरते. अधिकारी यायच्या दिवशी ते हमखास चालू असतात.